वर्ग चालू असताना सिग्नल अडवता आला पाहिजे



संगणकाची ओळख करून देताना आपण कीबोर्ड, माऊस, मॉनिटर ही नावं पाठ करून घेतो. पण एक प्रश्न राहूनच जातो. प्रोग्राम आपल्या कामात गुंतलेला असताना बाहेर काही घडलं, तर ते त्याला कळतं कसं? कळ केव्हा दाबली जाईल, नेटवरून माहिती केव्हा येईल, याचं काही वेळापत्रक नसतं. याचं उत्तर मुलांना सांगावंच. पण माझ्या मते आपल्या शाळांच्या कारभारानंही ते शिकावं.

विचारत राहणं की घंटा?

"सर, सुट्टी झाली का?" असं दर दोन मिनिटांनी विचारणारं पोरगं प्रत्येक वर्गात असतं. त्याचं गणितही होत नाही आणि सुट्टीही लवकर होत नाही. संगणकात याला पोलिंग म्हणतात. दुसरी पद्धत घंटेची. मुलं गणित सोडवत बसतात, घंटा झाली की उठतात. कीबोर्डची कळ दाबली की प्रोसेसरला अशीच घंटा मिळते. तिला इंटरप्ट म्हणतात.

युनिक्स आणि लिनक्समध्ये ऑपरेटिंग सिस्टीम प्रोग्रामलाही अशी सूचना देते, तिचं नाव सिग्नल. आपला अँड्रॉइड फोनसुद्धा लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. सिग्नल आला की प्रोग्राम हातातलं काम जिथल्या तिथं ठेवतो, त्या सिग्नलसाठी लिहून ठेवलेला छोटा भाग, म्हणजे हँडलर, चालवतो आणि सोडलेल्या जागेवरून पुन्हा काम धरतो. त्याचे चार नियम बघा.

१. नाजूक काम चालू असताना प्रोग्राम सिग्नल अडवून ठेवू शकतो. सिग्नल हरवत नाही, थांबून राहतो. अडवणूक काढली की पोहोचतो.

२. अडवलेला असताना तोच साधा सिग्नल दहा वेळा आला, तरी नोंद एकदाच होते.

३. हँडलरनं नोंद करायची आणि लगेच परत फिरायचं. मोठं काम नंतर.

४. सगळंच अडवता येत नाही. ९ क्रमांकाचा सिगकिल आणि त्याच्यासोबत सिगस्टॉप, हे दोनच सिग्नल कोणालाच अडवता येत नाहीत.

आता आपल्या वर्गात या

द्विशिक्षकी शाळेत एकेका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात. पहिलीचं लेकरू बोट ठेवून जोडाक्षर वाचत असतं आणि ग्रुपवर येतं, 'तात्काळ माहिती भरा'. मग तोच मेसेज आणखी तिघं पुढे पाठवतात. संगणक प्रोग्राम थांबवताना त्याची जागा, त्याचे आकडे सगळं जपून ठेवतो, म्हणून काम जसंच्या तसं पुढं चालतं. लेकराच्या मनाची अशी जपणूक कोण करणार? गुरुजी फोनमधून मान वर करेपर्यंत त्याचं बोट ओळीवरून सरकलेलं असतं. पुन्हा पहिल्यापासून.

कुणी म्हणेल, शासकीय काम थांबत नाही. बरोबर आहे. पण अडवणं म्हणजे नाकारणं नव्हे. पटसंख्या मधल्या सुट्टीत कळवली तरी ती तीच राहते.

खरी तातडी काय असते, हे आपल्या जिल्ह्याला सांगायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप उमरगा, लोहारा भाग विसरलेला नाही. असा निरोप वर्ग मोडूनच आला पाहिजे. २०२३ मध्ये मोबाईलवर मोठ्या आवाजात सरकारी आपत्ती-इशाऱ्याचे चाचणी संदेश आले, तेव्हा सगळे दचकले, कारण तो आवाज रोजचा नव्हता. उद्या प्रत्येक फोटोच्या मागणीला तोच आवाज दिला, तर पुराच्या दिवशी कोण दचकणार? रोजच 'तात्काळ' लिहून आपण त्या शब्दाची तीच गत केली आहे.

म्हणून पुढच्या शिक्षण परिषदेत एवढंच ठरवूया. माहितीचे मेसेज मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर बघायचे. एक मेसेज एकदाच पाठवायचा. आपत्ती किंवा मुलांची सुरक्षितता असेल, तर मेसेज नको, थेट फोन करायचा. बाकी सगळं घंटा होईपर्यंत थांबेल. वाचणारं लेकरू थांबता कामा नये.