विरजण, थंडी आणि पराळी

डिसेंबरात आमच्या घरी एक कार्यक्रम ठरलेला असतो. आजी रात्री दुधाला विरजण लावते, पातेलं जुन्या शालीत गुंडाळते आणि तांदळाच्या डब्यात ठेवून देते. तरीही कधीकधी सकाळी दही लागलेलं नसतं. तेव्हा कोणी दुधाला नावं ठेवत नाही, विरजणाला नाही आणि आजीला तर नाहीच नाही! 'थंडी आहे' एवढंच म्हणतात आणि दुपारपर्यंत वाट बघतात.

मित्रांनो, एवढी अक्कल आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. मग दरवर्षी दिवाळीच्या सुमारास टीव्हीवर दिल्लीचा धूर दिसायला लागला, की ती जाते कुठे?

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. मेसमध्ये बातम्या चालू होत्या. आमच्यातला एक जण तावातावाने म्हणाला, "अरे, एवढी सोपी कॅप्सूल निघालीय. पाण्यात कालवायची, फवारायची, पेंढा आपोआप कुजतो. तरी हे लोक जाळतातच!" टेबलावर आमचा पाजीही होता. संगरूरकडचा, घरची भातशेती. त्याने पोळी खाली ठेवली आणि शांतपणे विचारलं, "कितने दिन में? और कितने टेंपरेचर पे?"

टेबलावर आठ भावी इंजिनिअर. थर्मोडायनॅमिक्समध्ये सगळे पास. उत्तर एकाकडेही नव्हतं.

तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. सबमिशन बाजूला ठेवून थोडं वाचलं, आणि माझं मत बनलं ते असं : पेंढा कुजवणारे सूक्ष्मजीव हे औषध नाही, ते कामगार आहेत. कामगाराला वेळ, ऊब, पाणी आणि जेवण लागतं. ते न देता नुसतं 'फवारा' म्हणणं ही शेतकऱ्याची फसवणूक आहे.

आधी कॅलेंडर बघू. भूजल वाचवण्यासाठी पंजाबने २००९ साली कायदा केला आणि १० जूनच्या आत भाताची लावणी करायला बंदी घातली. हेतू चांगलाच होता. पण लावणी पुढे गेली, तशी कापणीही पुढे सरकली. गव्हाची पेरणी मात्र नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात झालेली बरी, उशीर झाला की उतारा घटतो. म्हणजे मध्ये उरतात जेमतेम दोन-तीन आठवडे. आणि शेतात एकरी अडीच-तीन टन पेंढा पडलेला! नेमका याच दिवसांत पारा उतरत जातो. लुधियानात नोव्हेंबरात पहाटे दहा-अकरा अंश, डिसेंबरात त्याहूनही खाली.

आता त्या कामगारांकडे वळू. पेंढा म्हणजे सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि त्यांना सिमेंटसारखं धरून ठेवणारं लिग्निन. भाताच्या पेंढ्यात सिलिकाही भरपूर, म्हणून गुरंसुद्धा नाक मुरडतात. हा किल्ला एकट्यादुकट्याने पडत नाही. बुरशी आपले धागे आत घुसवते आणि वाट करून देते. मग एक एन्झाइम सेल्युलोजची लांब साखळी मधूनच तोडतं, दुसरं टोकाकडून साखरेच्या जोड्या सुट्या करतं, तिसरं त्या जोडीचे दोन ग्लुकोज करतं. जोड्या साठत गेल्या, तर आधीच्या दोघांचं काम तुंबतं. म्हणून तयार साखर लगेच खाऊन टाकणारे जिवाणूही शेजारी लागतात. थोडक्यात, ही असेंब्ली लाइन आहे. एक स्टेशन मंदावलं की सगळी लाइन मंदावते.

थंडीत होतं तेच. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी उतरलं की अशा क्रियांचा वेग निम्म्यावर येतो, कधी त्याच्याही खाली. समजा, ३० अंशांना एक काम २५ दिवसांत होतं. तेच २० अंशांना ५० दिवस घेईल आणि १० अंशांना १००. शंभर दिवस म्हणजे नोव्हेंबरात सुरू केलं तर फेब्रुवारी उजाडला! तोवर गहू गुडघ्याएवढा झालेला असतो.

त्यात जेवणाचा प्रश्न वेगळाच. पेंढ्यात नत्राच्या एका भागाला कर्बाचे सत्तर-ऐंशी भाग असतात. जिवाणूंना २५ ते ३०च्या आसपासचं प्रमाण मानवतं. कमी पडलेला नत्र ते मातीतून उचलतात, म्हणजे गव्हाच्या तोंडचा घास काढून घेतात. मग कोवळा गहू पिवळा पडतो आणि शेतकरी म्हणतो, "पुढच्या वर्षी काडी लावलेली परवडली."

मग थंडीत पेंढा कुजतच नाही का? कुजतो! निसर्गात थंडीला सरावलेले सूक्ष्मजीव आहेत. तूप थंडीत थिजतं, गोडं तेल थिजत नाही. हे जीव आपल्या पेशीच्या आवरणात तेलासारख्या असंतृप्त मेदाम्लांचं प्रमाण वाढवतात, त्यामुळे आवरण ताठर होत नाही. त्यांची एन्झाइम्सही जास्त लवचीक असतात, म्हणून गारठ्यातही हात चालतो. त्याची किंमत म्हणजे उन्हाळा त्यांना सोसत नाही. गार पाण्यात कपडे धुण्याच्या डिटर्जंटमध्ये हीच युक्ती वापरतात.

या जिवांच्या मागे हात धुवून लागलेत ते चीनमधले संशोधक. आणि ते साहजिकच आहे. ईशान्य चीनमधला हेलोंगज्यांग प्रांत म्हणजे काळी माती आणि मैलोन्‌मैल मका. तिथल्या हार्बिनचं जानेवारीतलं सरासरी तापमान शून्याखाली १७-१८ अंश! मक्याची काढणी झाली की जमीन गोठते, ती थेट वसंतात सुटते. तिथले संशोधक थंड जागची माती आणि कुजका पेंढा आणतात, दहा-पंधरा अंशांवर वाढवतात, त्यातलं थोडं नव्या पेंढ्यावर टाकतात, परत तेच. कालच्या दह्याने आजचं विरजण लावायचं, तसंच! इनर मंगोलियातल्या संशोधकांनी असाच जमवलेला 'जीएफ-२०' नावाचा समूह २०१६ मध्ये जाहीर केला. तो १० अंशांवरही मक्याची ताटं कुजवतो. एक जिवाणू नाही, अख्खा समूह, हे लक्षात घ्या.

पण या समूहालाही पाणी पाण्याच्याच रूपात लागतं. बर्फात त्याचाही संप असतो. शिवाय फ्लास्कमध्ये तो एकटा राजा असतो. शेतात मात्र चिमूटभर मातीत कोट्यवधी स्थानिक मंडळी आधीच ठाण मांडून बसलेली असतात.

आता आपल्या कॅप्सूलकडे येऊ. दिल्लीच्या पुसा संस्थेने काढलेलं ते बुरशीचं मिश्रण खोटं नाही. गूळ आणि बेसन घालून ते वाढवायचं, फवारायचं, पेंढा मातीत मिसळायचा, ओल ठेवायची. २०२० च्या ऑक्टोबरात दिल्ली सरकारने शेतांवर त्याची फवारणीही केली. वेळ सांगितला जातो वीस-पंचवीस दिवसांचा. आता वरचं कॅलेंडर आठवा. शेतकऱ्याच्या हातात तेवढे दिवस तरी आहेत का? आणि असले तरी ते उबदार आहेत का? जाहिरातीत लिटर असतात, एकर असतात. अंश कुठेच नसतात. सिमेंटच्या पोत्यामागे क्युरिंगचे दिवस विचारणारे आपण, हे कसं चालवून घेतो?

उलट दंडाचे आकडे मात्र अगदी नेमके आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते दुप्पट झाले : दोन एकरांच्या आत ५,००० रुपये, पाच एकरांच्या वर ३०,०००. धूर वाईटच, त्याची बाजू मी घेत नाही. पाजीची धाकटी बहीण त्याच धुरात खोकते. पण दंड करणाऱ्याने आधी कामाचा हिशोब तरी मांडावा!

माझ्या मते इथे दोन गोष्टी इंजिनिअरच्या कामाच्या आहेत. पहिली : पेंढा कुजवणाऱ्या प्रत्येक कल्चरच्या पाकिटावर 'किती अंशांना किती दिवस' असा तक्ता छापणं सक्तीचं हवं. १०, २०, ३० अंश, तीन ओळी पुरेत. दुसरी : घाई करण्यापेक्षा वेळ विकत घ्या. पंजाबात हॅपी सीडर नावाचं यंत्र आहे, ते पेंढा न जाळता, न गाडता त्यातूनच गहू पेरतं. पेंढा वर आच्छादन म्हणून राहतो आणि सावकाश, पुढे ऊब आली की कुजतो. जिवाणूंना पंधरा दिवसांऐवजी सहा महिने मिळतात. यंत्राची किंमत, ट्रॅक्टरची ताकद, वेळेवर भाड्याने मिळणं, या अडचणी आहेतच. पण त्या आपल्या ब्रँचच्या अडचणी आहेत, जिवाणूंच्या नाहीत.

आणि हसण्याआधी जरा आपल्या अंगणात बघा. सांगली-कोल्हापूरकडे ऊस गेला की पाचट पेटतं. आपल्याकडे ना तशी थंडी, ना पंधरा दिवसांची घाई. खोडवा वर्षभर उभा राहतो. टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि किलोभर जिवाणू, ही शिफारस आपल्या शेतकऱ्यांना पाठ आहे. तरी आपण जाळतो. मग ज्याच्याकडे थंडी हे खरं कारण आहे, त्याला शहाणपण कोणत्या तोंडाने शिकवायचं?

परवा पाजीला हा लेख वाचून दाखवला. म्हणाला, "तक्ता छपवा दे यार, बाकी हम देख लेंगे."

आजीला विचाराल तर ती तक्त्याशिवायही सांगेल. थंडीत विरजण जरा जास्त घालायचं, पातेलं उबेत ठेवायचं, आणि झाकण सारखं उघडून बघायचं नाही. बघा पटतंय का!