फताडे पाऊल

गेल्या वर्षीची लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. आमची बारा वर्षांची कन्या उंबरठ्यापासून देवघरापर्यंत मुठीच्या कडेने लक्ष्मीची पावले उठवीत होती. मी पाय धुऊन आलो आणि त्या पावलांशेजारी शहाबादी फरशीवर माझीही उमटली. लक्ष्मीच्या पावलाला आतून काय डौलदार बाक! माझे म्हणजे तव्यावरून उचललेले धिरडे. कन्येला हसू आवरेना. तिने आपलाही पाय ओला करून टेकला. तोही सगळाच्या सगळा उमटला.

माझी आई पाहत होती. ती काही बोलली नाही, आणि तेच मला बोचले. पंचवीस वर्षांमागे आमच्या आक्काला पाहायला आलेल्या मंडळींनी असेच फरशीवरचे ठसे न्याहाळले होते. ‘मुलगी फताड्या पायांची’ एवढे कारण त्यांना पुरले. (सामुद्रिकवाल्यांना पाय वाचता येतो; तो चालतो कसा, याची त्यांना फिकीर नसते.) आक्काने पुढे लग्नाचे नावच काढू दिले नाही.

दिवाळी सरल्यावर मुलीला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तिला टाचा उचलायला लावल्या. चवड्यांवर उभी राहताच कमान हजर! म्हणजे पाय लवचीक. असल्या पायाचा बहुतेकांना काही उपद्रव नसतो, म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “आता तुम्ही, सर. एका पायावर. डोळे मिटा.” डोळे उघडे होते तोवर मी बगळा होतो. मिटताच त्यांच्या टेबलावर!

आपला तोल तीन साक्षीदारांवर चालतो: डोळे, आतला कान, आणि स्नायू-कंडरा-सांधे. डोळे मिटूनही बोट नेमके नाकाला लागते ते या तिसऱ्याच्या जोरावर. शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०६ साली त्याला ‘प्रोप्रिओसेप्शन’ असे नाव दिले. मी मराठीचा मास्तर. ‘अंगभान’ सुचवून पाहिले. डॉक्टर नुसते हसले.

पावलात २६ हाडे. पोटरीतून घोट्याच्या आतल्या अंगाने उतरणारी एक कंडरा त्यांची कमान तोलून धरते. कमान बसली की घोटा आत कलतो, बंध ताणलेलेच राहतात, आणि मेंदूकडे जाणारी खबर पुसट होत असावी, असा तर्क आहे. सपाट पायांची काही माणसे घोट्याचा कोन ओळखताना चुकतात, एका पायावर अधिक डुलतात; काहींत मात्र असा फरक मुळीच दिसत नाही. उपाय साधा: बोटे न मुडपता चवडा टाचेकडे ओढायचा, आणि एका पायावर उभे राहण्याचा सराव. दात घासताना आम्ही बापलेक तो करतो.

आक्काला मी हे फोनवर सांगितले. ती ऐकून घेत होती.

“चवड्यांवर उभं राहिलं की दिसते म्हणतोस? थांब हं.”

पलीकडे फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही.

“आहे रे,” ती म्हणाली.