जुना गेमिंग लॅपटॉप भंगारात देऊ नका

नाशिकरोडला माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा सपोर्ट बंद केला आणि तेव्हापासून कॉलेजची पोरं विचारत येतात, "काका, यावर 11 बसेल का?" पुढ्यात ठेवलेला लॅपटॉप बहुतेकदा 2017 च्या आसपासचा असतो. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, जीटीएक्स 1050 टीआय कार्ड. विंडोज 11 साठी इंटेलची किमान आठवी पिढी लागते, म्हणून हा बाद. आईवडिलांनी पै पै साठवून घेतलेलं, अजून धडधाकट असलेलं यंत्र असं निकालात काढणं मला पटत नाही. त्यावर लिनक्स टाकावं, हे माझं ठाम मत आहे.

पण आधी आपण कुठले खेळ खेळतो ते कागदावर लिहून काढा. बाकी सगळं त्या यादीवर ठरतं. व्हॉल्व्ह कंपनीने 2018 मध्ये आणलेलं प्रोटॉन विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवतं. ते स्टीममध्येच मिळतं, स्टीम डेकही त्याच्याच जोरावर चालतो. एकट्याने खेळायचे बरेचसे खेळ आता विनातक्रार चालतात. घोडं अडतं ते अँटी-चीटपाशी. व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट लिनक्सवर चालत नाहीत. जीटीए 5 मधला स्टोरी मोड चालतो, पण सप्टेंबर 2024 मध्ये बॅटलआय आलं आणि ऑनलाइन बंद पडलं. खरं तर बॅटलआयला लिनक्स चालतं, खेळाच्या कंपनीने तेवढी परवानगी द्यायची असते. ती दिली जात नाही, याचा मला राग येतो. तरीही रोज रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट खेळणाऱ्या मुलाला मी लिनक्स घे म्हणत नाही.

दुसरा प्रश्न, कुठलं लिनक्स? पोरांना आर्च हवं असतं. मी मिंट 22 सुचवतो, आणि त्याचं कारण कार्डात आहे. एनव्हिडियाची 580 ही ड्रायव्हर मालिका 1050 सारख्या कार्डांसाठी शेवटची. सतत नवं ते ओढणाऱ्या आर्चवर पुढची मालिका आली की असं कार्ड उघडं पडतं, मग जुना ड्रायव्हर शोधून स्वतः बसवावा लागतो. मिंट 22 उबुंटू 24.04 वर उभं आहे आणि त्याला एप्रिल 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत. अभ्यास आणि खेळ एकाच लॅपटॉपवर करणाऱ्याला हेच बरं.

"लिनक्सवर गेम अडकतो" ही तक्रार मात्र मी नीट तपासतो. या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स दोन असतात, प्रोसेसरमधलं इंटेलचं आणि वेगळं एनव्हिडियाचं. ड्रायव्हर मॅनेजरमधून एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकताना, सिक्युअर बूट चालू असेल तर एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्ट केल्यावर निळी स्क्रीन येते. तिथे 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. पोरं घाबरून 'कंटिन्यू बूट' दाबतात. मग ड्रायव्हर लोडच होत नाही आणि सगळा भार इंटेलवर पडतो. खेळ सुरू असताना टर्मिनलमध्ये 'एनव्हिडिया-एसएमआय' चालवा. यादीत खेळाचं नाव दिसलं नाही, तर कार्ड झोपलेलंच आहे. खेळ विंडोजच्या जुन्या पार्टिशनवरही ठेवू नका, एनटीएफएसवर प्रोटॉन कुरकुरतं.

विंडोज 11 ची अट चुकवून देणाऱ्या, फुकट ॲक्टिव्हेटर मारून देणाऱ्या उद्योगाला माझा विरोध आहे. त्या ॲक्टिव्हेटरसोबत काय आत शिरतं, ते पोरांना कळत नाही, आणि त्याच लॅपटॉपवर घरातल्यांचं नेट बँकिंग चालतं.

नवा लॅपटॉप घ्यायला निघण्याआधी एका पेनड्राइव्हवर मिंट घ्या आणि इन्स्टॉल न करता नुसतं चालवून बघा. वायफाय, आवाज, कीबोर्डचे दिवे तपासा. प्रोजेक्ट आणि फोटो दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा, आणि मगच इन्स्टॉलचं बटण दाबा.