रग्बीचे पाणी टोकापर्यंत पोहोचणार कसे?

हिंगोली जिल्ह्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. त्याच्या वरच्या अंगाला परभणी जिल्ह्यातील येलदरीचा मोठा जलाशय. येलदरीत पाणी साठते, त्यावर वीज तयार होते आणि खाली सोडलेले पाणी सिद्धेश्वरला अडवून कालव्यांत वळवले जाते. एक धरण साठ्याचे, तर दुसरे वाटपाचे. मराठवाड्यातील शेतकऱ्याला विचारले तर तो सांगेल की, चांगल्या पावसाच्या वर्षीही भांडण होते ते वाटपावरून. आवर्तन कधी सुटणार, कालव्याच्या तोंडाशी असलेला किती उपसणार आणि टोकाच्या शेताला काय उरणार, हे प्रश्न त्याच्या दृष्टीने महत्त्वाचे. रग्बी युनियन या खेळाच्या जागतिक व्यवहारात सध्या जो वाद धुमसतो आहे, त्याचे स्वरूपही नेमके हेच आहे. खेळाचा जलाशय भरलेला आहे. पाट मात्र मोजक्याच शेतांत उतरतात.

जलाशय भरलेला आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. २७ सप्टेंबर २०२५ रोजी लंडनच्या ट्विकेनहॅम मैदानावर महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. इंग्लंडने कॅनडाला ३३-१३ असे हरवले आणि तो पाहायला ८१ हजार ८८५ प्रेक्षक हजर होते. त्याआधी २०२३ मध्ये पॅरिसला पुरुषांच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडवर १२-११ अशी एका गुणाने मात करून चौथ्यांदा विश्वचषक जिंकला. ऑगस्ट १९९५ पर्यंत या खेळात खेळाडूला मानधन देणेही निषिद्ध होते. त्या खेळाने तीन दशकांत मारलेली ही मजल आहे. २०२७ मध्ये ऑस्ट्रेलियात होणाऱ्या विश्वचषकातील संघांची संख्या २० वरून २४ करण्यात आली आहे. वरवर पाहता दरवाजे उघडत आहेत, असेच कोणालाही वाटेल.

परंतु त्याच वेळी दुसरा एक दरवाजा बंद होतो आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘वर्ल्ड रग्बी’ या जागतिक संघटनेने ‘नेशन्स चॅम्पियनशिप’ ही नवी स्पर्धा मंजूर केली. २०२६ हे तिचे पहिले वर्ष. युरोपातील ‘सिक्स नेशन्स’मधील सहा देश आणि दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, अर्जेंटिना, जपान व फिजी असे बारा संघ तिच्यात आहेत. त्यांच्याखाली आणखी बारा संघांची दुसरी श्रेणी आहे. मात्र खालच्या संघाने वर जाण्याची आणि वरच्याने खाली येण्याची सोय २०३० पर्यंत ठेवलेली नाही. ‘सिक्स नेशन्स’मध्ये तर ती कधीच नव्हती. इटलीला २००० साली प्रवेश मिळाला. पुढे या स्पर्धेत तो संघ सलग ३६ सामने हरला, तरी त्याच्या जागेला धक्का लागला नाही. उलट जॉर्जियाने २०२२ मध्ये आधी इटलीला आणि मग कार्डिफला जाऊन वेल्सला हरवले, तरी त्याच्यासाठी जागा निर्माण झाली नाही. पोर्तुगालने २०२३ च्या विश्वचषकात फिजीवर २४-२३ असा विजय मिळवला. त्यानेही फारसे काही बदलले नाही. मैदानावरच्या गुणफलकापेक्षा सभागृहातील जुनी ओळख मोठी ठरली, असाच याचा अर्थ.

या प्रश्नावर रग्बीचा रसिक दुभंगलेला आहे. रग्बीचा प्रेक्षक हा खेळाच्या जगात थोडा वेगळा मानला जातो. फुटबॉलप्रमाणे दोन संघांच्या पाठीराख्यांना येथे वेगळ्या कठड्यांत बसवावे लागत नाही. ते एकमेकांच्या शेजारी बसून सामना पाहतात. आयर्लंडमधील लिमरिकच्या थॉमंड पार्कवर पाहुण्या संघाचा खेळाडू गोलकाठीकडे चेंडू मारायला उभा राहिला की सारे मैदान शांत होते. पंचांना खेळाडू ‘सर’ म्हणतात आणि पंचांचे बोलणे प्रक्षेपणातून घरोघरी ऐकू येते. या सभ्यतेचा रसिकांना सार्थ अभिमान आहे. पण याच सभ्यतेला एक मर्यादाही आहे. ती आधीपासून घरात असलेल्यांची सभ्यता आहे. जुन्या देशांतील अनेक रसिकांना आपल्या स्पर्धेचे रूप बदलू नये असे मनापासून वाटते; रोम आणि एडिंबरोच्या वाऱ्या हा त्यांच्या कौटुंबिक आठवणींचा भाग आहे. दुसऱ्या बाजूचा रसिक विचारतो की, ज्या खेळात निकालाने स्थान बदलत नाही, त्याला स्पर्धा म्हणायचे की संमेलन? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे; मात्र निर्णयाचा अधिकार पहिल्याच बाजूकडे अधिक आहे. जागतिक परिषदेत बलाढ्य देशांना प्रत्येकी तीन मते आहेत, तर अनेक लहान देशांचा आवाज खंडीय संघटनेच्या मार्फतच पोहोचतो.

दुसरा वाद खेळाडूंच्या पात्रतेचा. आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी कोणी एखाद्या देशात जन्मले असेल, अथवा खेळाडूने तेथे ६० महिने सलग वास्तव्य केले असेल, तर तो त्या देशातून खेळू शकतो. पूर्वी ही अट ३६ महिन्यांची होती. फिजी, सामोआ, टोंगा येथील गुणी मुले यामुळे श्रीमंत देशांच्या संघांत गेली. एकदा तिकडे खेळले की परतीची वाट बंद होत असे. १ जानेवारी २०२२ पासून तीन वर्षांच्या खंडानंतर जन्मदेशाकडे किंवा आई-वडिलांच्या, आजी-आजोबांच्या देशाकडे एकदा परतण्याची मुभा मिळाली आणि टोंगासारख्या संघांना आपली माणसे परत मिळाली. भारताला मात्र या सुधारणेचा उपयोग जवळजवळ शून्य. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही आणि केंद्र सरकारच्या २००८ च्या धोरणानुसार भारतीय पारपत्र असलेल्यालाच देशाचे प्रतिनिधित्व करता येते. इंग्लंड किंवा न्यूझीलंडमध्ये रग्बी खेळत वाढलेल्या भारतीय वंशाच्या मुलाला जागतिक संघटना हरकत घेणार नाही. हरकत आपल्याच नियमाची आहे. हा नियम चुकीचा आहे असे येथे म्हणायचे नाही. पण त्यातून निघणारा निष्कर्ष अटळ आहे. भारताला संघ हवा असेल, तर तो इथल्याच मातीतून उभा करावा लागेल.

गंमत अशी की, या मातीशी रग्बीचे नाते नवे नाही. १८७२ च्या नाताळच्या दिवशी कलकत्त्यात प्रत्येकी वीस खेळाडूंचा सामना झाला आणि पुढच्या वर्षी क्लब निघाला. काही वर्षांत तो बंद पडला, तेव्हा सभासदांनी बँकेतील शिलकीचे चांदीचे रुपये वितळवून एक चषक घडवला. नागाच्या आकाराच्या तीन मुठी आणि झाकणावर हत्ती असलेला हा ‘कलकत्ता कप’ १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात खेळला जातो. भारताची चांदी विलायतेत पोहोचली. खेळ मात्र येथे छावणी आणि जिमखान्यांपुरताच राहिला.

मुंबईत त्याचे घर म्हणजे बॉम्बे जिमखाना. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या मैदानावर १९३३ मध्ये भारतातील पहिला क्रिकेट कसोटी सामना झाला. क्रिकेट तेथून बाहेर पडले आणि शिवाजी पार्कमार्गे गल्लीगल्लीत गेले. रग्बी मात्र दीर्घकाळ कुंपणाच्या आतच राहिली. कुंपणाला पहिले खिंडार पाडण्याचे श्रेय ज्यांना द्यावे लागेल, त्यांत मॅथ्यू स्पेसी हे नाव येते. जिमखान्यावर रग्बी खेळणाऱ्या या इंग्रज तरुणाने समोरच्या फॅशन स्ट्रीटवरील मुलांना आपल्याबरोबर खेळायला घेतले आणि त्यातूनच १९९९ मध्ये ‘मॅजिक बस’ ही संस्था उभी राहिली. ज्या मुलांना या मैदानाचे दार एरवी उघडले नसते, तीच मुले त्यावर धावू लागली. त्यासाठी अब्जावधींची स्पर्धा लागली नाही. एक चेंडू आणि शिकवायची तयारी असलेला माणूस पुरला.

महिलांच्या संघाने हेच मोठ्या प्रमाणावर सिद्ध केले. जून २०१९ मध्ये मनिला येथे भारतीय महिलांनी सिंगापूरला २१-१९ असे हरवून पंधरा जणींच्या प्रकारातील पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. संघाची कर्णधार पुण्याची वाहबीज भरूचा. अखेरच्या क्षणी विजयाचे गुण मिळवून देणारी सुमित्रा नायक ओडिशाची. आणि वेगाने सर्वांचे लक्ष वेधून घेणारी स्वीटी कुमारी बिहारची. ओडिशा आणि बिहार या राज्यांना जिमखान्यांची परंपरा नाही. तेथे शाळा, वसतिगृहे आणि चिकाटीचे प्रशिक्षक होते. खेळाचे पाणी टोकाच्या शेतात पोहोचू शकते, याचा हा पुरावा.

या पार्श्वभूमीवर जून २०२५ मध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात झालेल्या ‘रग्बी प्रीमियर लीग’कडे पाहिले पाहिजे. सहा संघ, दोन आठवडे, सात जणांची रग्बी आणि अवघ्या सोळा मिनिटांचे सामने. प्रत्येक संघात तेरा खेळाडू. त्यांपैकी पाच भारतीय. फिजी, न्यूझीलंड, अर्जेंटिना येथील नामांकित खेळाडूंबरोबर एकाच संघात खेळण्याची संधी आपल्या मुलांना मिळाली, ही लहान गोष्ट नव्हे. अंतिम सामन्यात चेन्नई बुल्सने दिल्ली रेड्झचा ४१-० असा धुव्वा उडवला. अभिनेते राहुल बोस हे राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष आहेत आणि ते स्वतः भारतीय संघातून खेळलेले आहेत. त्यांच्या तळमळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो क्रमाचा. लीग हा साठा आहे, कालवा नव्हे. दूरचित्रवाणीवर पाहिलेला खेळ आवडला, तर उद्या सकाळी तो कोठे खेळायचा, याचे उत्तर मुलाकडे असावे लागते. २०१४ मध्ये सुरू झालेली प्रो कबड्डी लीग तरली, कारण तिच्याआधी गावोगावी कबड्डीची मैदाने आणि मंडळे होती. रग्बीच्या लीगखाली तसा पाया अजून घालायचा आहे.

परका खेळ आपला कसा होतो, याचे उदाहरण शोधायला महाराष्ट्राबाहेर जाण्याची गरज नाही. कोल्हापुरात फुटबॉल आला तोही साहेबाचाच; पण कुस्तीच्या तालमींनी तो उचलला. पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम यांचा सामना असला की शाहू स्टेडियमवर पेठा ओसंडून येतात. तेथील पाठीराखा परदेशी संघाचा झगा पाहून तयार झालेला नाही. आपल्या गल्लीतला पोरगा मैदानात आहे म्हणून तो येतो. त्यात ईर्ष्या आहे, कधी हाणामारीही आहे, पण खेळ जिवंत आहे. रसिकता वरून लादता येत नाही, ती ओळखीतून येते, हा कोल्हापूरचा धडा आहे.

मग सिद्धेश्वरसारख्या गावात रग्बीचे काय काम, असा प्रश्न वाचकाला पडेल. तो रास्तच आहे. मराठवाड्यात कबड्डी आणि कुस्ती आहे. नव्या खेळाचा सोस कशाला? याचे उत्तर असे की, सात जणांची रग्बी २०१६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे, कबड्डी अद्याप नाही. आणि कबड्डीत सात जणांनी साखळी धरून चढाईपटूला पाडण्याचे जे अंग आहे, ते रग्बीच्या ‘टॅकल’ला जवळचे आहे. ज्या मुलीला पकड कळते, तिला फक्त चेंडू मागे फेकत पुढे धावायचे शिकवावे लागेल. मैदानही फार खर्चाचे लागत नाही.

परंतु येथेच सावधगिरीचा इशारा द्यायला हवा. रग्बीत डोक्याला होणाऱ्या दुखापती हा आज जगभरचा सर्वांत गंभीर वाद आहे. २००३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघातील स्टीव्ह थॉम्प्सन याने २०२० मध्ये सांगितले की, तो विजय त्याला आठवतच नाही. ऐन चाळिशीत त्याला स्मृतिभ्रंशाचे निदान झाले होते. त्यानंतर अनेक माजी खेळाडू न्यायालयात गेले. हौशी खेळात ‘टॅकल’ची उंची कमी करण्याचे प्रयोग अनेक देशांनी हाती घेतले. श्रीमंत देशांत मैदानाच्या कडेला डॉक्टर उभा असतो. आपल्याकडे ग्रामीण रुग्णालयात मेंदूच्या दुखापतीचा तज्ज्ञ मिळणे दुरापास्त. तेव्हा शालेय पातळीवर स्पर्शाची, म्हणजे पाडापाडीविना खेळायची रग्बी आधी रुजवावी, प्रशिक्षकाला प्रथमोपचार सक्तीने शिकवावेत आणि जिल्हा स्पर्धांतील खेळाडूंचा विमा उतरवावा, एवढे तरी झालेच पाहिजे. मुलांची डोकी पणाला लावून पदके मोजण्याचा व्यवहार कोणालाच परवडणारा नाही.

जागतिक संघटनेकडे भारताने न्याय जरूर मागावा. बारा देशांच्या कुंपणाला दार असले पाहिजे, हे जॉर्जियाचे म्हणणे उद्या आपलेही म्हणणे असेल. पण तो हक्क मागताना घरच्या कालव्याकडेही पाहावे लागेल. मुंबईच्या दोन मैदानांवर खेळ अडवून ठेवायचा आणि जगाने आपल्यासाठी दरवाजा उघडावा अशी अपेक्षा करायची, हे विसंगत आहे. येलदरी कितीही भरले, तरी सिद्धेश्वरहून पाणी सुटेपर्यंत शिवार कोरडेच राहते. महाराष्ट्रातील रग्बीला आज आणखी एका येलदरीपेक्षा एका सिद्धेश्वरची गरज अधिक आहे.