निळ्या नखांची लाज

दिवाळीच्या सुट्टीत भावाकडे ओसाकाला गेले होते. शहर पाहून झाल्यावर हट्टाने तोकुशिमाला गेले. योशिनो नदीकाठचा हा प्रदेश शेकडो वर्षं निळीसाठी प्रसिद्ध आहे. तिथे नवख्यांनाही एखादा रुमाल रंगवू देतात.

जपानची नीळ आपल्या निळीच्या झुडपाची नाही, ते वेगळंच रोप. त्याची पानं वाळवून, पाणी शिंपडत, उलथापालथ करत सुमारे शंभर दिवस कुजवतात. ढीग आतून साठ-सत्तर अंशांपर्यंत तापतो. तयार होतं ते काळपट खतासारखं 'सुकुमो'. ते लाकडाच्या राखेच्या निवळीत, चुना आणि गव्हाचा कोंडा घालून आंबवतात. पाण्यात एरवी न विरघळणारी नीळ सूक्ष्मजीवांमुळे विरघळते. वर निळसर फेस आला की रांजण तयार झाला. त्या फेसाला तिथे 'निळीचं फूल' म्हणतात.

मी घाई केली. रुमाल नीट भिजवला नाही, रांजणात खळबळ केली. हवा आत गेली की रंग बिघडतो, हे खुणेने सांगितलेलं मी विसरले. रुमाल हिरवट निघाला आणि हवा लागताच डोळ्यांसमोर निळा झाला, पण ठिकठिकाणी डाग. पहिल्या बुडीच्या फिक्या छटेला जपानीत 'कामेनोझोकी' म्हणतात, म्हणजे रांजणात नुसतं डोकावणं. माझं तेच झालं होतं.

पण मला रडू आलं ते डागांमुळे नाही. शिकवणाऱ्या माणसाची नखं निळी होती आणि तो ती लपवत नव्हता.

माझे नाना रंगरेज होते. त्यांना गुसल देणाऱ्यांनी नखं घासून घासून पाहिली, निळाई गेली नाही. आमच्या घरात मात्र ही गोष्ट दबक्या आवाजात सांगायची. मावशीच्या लग्नाची बोलणी चालू असताना नानांचा 'कापडाचा धंदा' आहे असं सांगितलं गेलं. मीही बीएडच्या मैत्रिणींना तेच सांगितलं.

कुणी म्हणेल, जुन्याचं कौतुक पुरे. निळीचा इतिहास काही गोड नाही. 1917 चं चंपारण आपण मुलांना शिकवतोच. 1897 पासून जर्मनीची कृत्रिम नीळ बाजारात आली आणि रांजण ओस पडत गेले, तिथलेही आणि इथलेही. नानांच्या हुनराने घरची गरिबी गेली नाही, हेही खरं. त्या दिवसांत परत जावं असं मी म्हणत नाही.

फरक इतकाच की जपानने 1955 साली मियागी प्रांतातल्या आयानो चिबा या निळीत कापड रंगवणाऱ्या बाईंना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' मानलं. आपण आपल्या नानाचं नाव घ्यायला कचरतो. परदेशात तिकीट काढून ज्याला कला म्हणतो, ते घरात असलं की त्याची लाज वाटते.

आणि यात मी शिक्षिका म्हणून सामील आहे. जूनमध्ये प्रवेशाचे अर्ज भरताना 'पालकांचा व्यवसाय' या रकान्यात मी वर्षानुवर्षं 'मजुरी' लिहीत आले. कल्हई करणारा, रजई भरणारा, जरीकाम करणारी, सगळे मजूर. पालकही म्हणतात, "लिहा मॅडम, काहीही." एका शब्दात चार पिढ्यांचं शिक्षण पुसलं जातं, आणि मूल तो अर्ज वाचतं.

माझं म्हणणं लहानसं आहे. शिक्षकांनो, तो रकाना नीट विचारून भरा. हुनराला त्याचं नाव द्या. सरकार ठेवा मानेल तेव्हा मानो, आपल्या हजेरीपटापासून सुरुवात करू.

सुट्टीनंतर तो डागाळलेला रुमाल मी वर्गात दाखवला आणि सांगितलं, माझे नाना रंगरेज होते. वर्ग क्षणभर गप्प. मग मागच्या बाकावरून एक हात वर आला, "मॅडम, माझे अब्बा कल्हई करतात."

त्याच्या अर्जावर मजुरी लिहिलं होतं. माझ्याच अक्षरात.