कोठडीच्या पहिल्या दिवसाचा वकील

विटा-खानापूर भागातील गलाई कारागीर सोने-चांदी शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरला आहे, आणि चोरीचे सोने घेतल्याचा आळ हा त्या धंद्याचा जुना धोका आहे. परमुलखात एका रात्रीत कोठडीत गेलेल्यास वकील कोण देणार, हा प्रश्न म्हणूनच विटेकरांस पुस्तकी वाटू नये. येथे यंत्रमागावर पोट भरण्यास आलेल्या परगावच्या मजुराचाही प्रश्न तोच आहे.

कायद्यात उत्तर आहे. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्याने कोठडीतील माणसास, त्याचे उत्पन्न न पाहता, मोफत वकिलाचा हक्क दिला. २०२२ च्या योजनेनुसार जिल्ह्याच्या ठिकाणी लोकअभिरक्षक कार्यालये निघाली. तेथील वकील पूर्णवेळ. खासगी वकिली त्यांस वर्ज्य. मुख्य अभिरक्षकास फौजदारी कामाचा किमान १० वर्षांचा अनुभव लागतो, उपमुख्यास ७ वर्षांचा. सहायक मात्र तीन वर्षांच्या आतला, कधी सनद नुकतीच हाती पडलेला.

गोम कामाच्या वाटणीत आहे. खुनाचे खटले ज्येष्ठांकडे जावेत हे रास्तच. जन्मठेप वा फाशीच्या खटल्यात १० वर्षे वकिली केलेलाच वकील द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली अनोखीलाल प्रकरणी बजावले आहे. पण अटकेनंतर चोवीस तासांच्या आत आरोपी मॅजिस्ट्रेटपुढे उभा राहतो, तेव्हा त्याच्या शेजारी असतो तो बहुधा सहायक. पोलीस कोठडी कशासाठी हवी, अटकेची कारणे सांगितली काय, अंगावरील खुणांची नोंद झाली काय, हे सारे पाच मिनिटांत विचारावयाचे असते. तेथे राहिलेली उणीव पुढे सत्र न्यायालयात मोठ्या वकिलासही सहसा भरून काढता येत नाही. पहिलीचा वर्ग नवख्या मास्तराकडे टाकण्याची शाळांतील रीत आम्ही वर्षानुवर्षे पाहिली आहे. तिचे फळ सातवीत दिसते.

विट्याची अडचण आणखी निराळी. अभिरक्षक कार्यालय सांगलीस, आरोपीची पहिली हजेरी येथे. तालुक्यास भिस्त विधि सेवा समितीच्या यादीवरील वकिलावर. खासगी अशिलाची आणि फुकट अशिलाची तारीख एकाच वेळी पुकारली गेली, तर कोण खोळंबतो हे सांगावयास नको.

समोरचा सहायक सरकारी अभियोक्ता लोकसेवा आयोगाने निवडलेला, कायम नोकरीतला असतो. अभिरक्षकाचा करार मात्र दोन वर्षांचा, पुढे वर्षावर्षाची मुदतवाढ. तरुण वकील कोठे शिकून तयार होतो, तोच त्यास दुसरी वाट शोधावी लागते. हा करार निदान पाच वर्षांचा करावा, नव्या सहायकाने पहिले सहा महिने ज्येष्ठाबरोबरच रिमांडला उभे राहावे, आणि त्या ज्येष्ठाने आठवड्यातून एक दिवस विट्यास यावे.