संगणक प्रणालीचीही कीर्द हवी

शाखेत बदलीचा आदेश आला की कार्यभार सोपविताना तिजोरीच्या किल्ल्यांसह प्रत्येक गोष्टीची नोंद होते. ज्या संगणक प्रणालीवर आज सारा व्यवहार उभा आहे, तिच्या रचनेबाबत मात्र ही दक्षता क्वचितच दिसते. कोणता घटक कोणाशी आणि का जोडला, हे पुष्कळदा दोन-चार जाणकारांच्या स्मरणातच असते. ते निवृत्त झाले की ते ज्ञानही निघून जाते.

१ एप्रिल २०२० रोजी सार्वजनिक क्षेत्रातील दहा बँका एकत्र येऊन चार झाल्या. कागदोपत्री विलीनीकरण एका दिवसाचे. प्रणाली जुळविणे मात्र दीर्घकाळाचे काम. त्यातील धोका ब्रिटनमध्ये दिसला. टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये नवी प्रणाली स्वीकारताच सर्व शाखांचे कामकाज विस्कळीत झाले. ते पूर्ववत होण्यास डिसेंबर उजाडला. स्थलांतराच्या नियोजनातील व देखरेखीतील उणिवांबद्दल नियामकांनी २०२२ मध्ये ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. अशा घटनेस एकच कारण नसते. पण आपली प्रणाली नेमकी कशी आहे हे ठाऊक असणे, ही सावधगिरीची पहिली पायरी होय.

यासाठी वेबवर चालणारी साधने उपलब्ध आहेत. विकीवर अनेकांना एकच दस्तऐवज अद्ययावत ठेवता येतो. मर्मेड वा प्लांटयूएमएलमध्ये मजकूर लिहिला की आकृती तयार होते. मजकुराच्या आवृत्त्या जपल्यास कोणी, कधी, काय बदलले याचा मागही राहतो. सायमन ब्राउन यांची ‘सी-फोर’ पद्धत नकाशाप्रमाणे चार पातळ्यांवर रचना दाखविते. तिची पहिली पातळी शाखेतील कर्मचाऱ्यालाही उमगते. मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये सुचविलेल्या निर्णय-नोंदीत परिस्थिती, निर्णय व परिणाम थोडक्यात लिहिले जातात. माझ्या मते आकृतीपेक्षाही हा ‘का’ अधिक मोलाचा आहे.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. प्रणालीचा आराखडा तिजोरीच्या नकाशाइतकाच गोपनीय. तो बँकेच्या अंतर्गत जाळ्यावर, परवानगीच्या कक्षेतच असावा. दुसरे, साधन आपोआप सत्य राखीत नाही. दिवसअखेर रोकड जुळल्याशिवाय आपण उठत नाही. तद्वत नोंद सुधारल्याशिवाय प्रणालीतील कोणताही बदल पूर्ण झाला असे मानू नये.

‘पैसे खात्यातून गेले, पण पोहोचले नाहीत,’ असे सांगणाऱ्या ग्राहकाला अचूक उत्तर हवे असते. ते कोणा एकाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून नसावे.